डॉक्टरांची नजर मोजताना

सोरायसिसचे खवलेदार चट्टे गुडघ्यावर हमखास उठतात. त्याच गुडघ्यात, कातडीच्या थोडं आत, मांडीचं हाड आणि नडगी यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्यांना मेनिस्कस म्हणतात. चट्टा उघड्या डोळ्यांना दिसतो, गादी एमआरआयवर. आजार किती आहे, हे मात्र दोन्हीकडे शेवटी डॉक्टरांची नजरच ठरवते. रुग्णालयांतले संशोधक या नजरेचीच परीक्षा घेतात, आणि ती कशी घेतात हे समजलं की थक्क व्हायला होतं.

आधी आत जाऊ. नेहमीच्या एमआरआय यंत्रातला १.५ टेस्लाचा चुंबक पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे ३०,००० पट जोरदार असतो. त्यात गुडघा ठेवला की पाण्यातल्या आणि चरबीतल्या हायड्रोजनची केंद्रकं सेकंदाला जवळजवळ ६.४ कोटी गिरक्या घेतात. रेडिओलहरींनी डिवचलं की ती क्षीणसा संदेश परत पाठवतात आणि त्यातून चित्र उभं राहतं. गादीतलं पाणी तंतूंमध्ये घट्ट अडकलेलं असतं. त्याचा संदेश क्षणात विझतो, म्हणून गादी काळी दिसते. ती फाटली की चिरेत सांध्यातलं पाणी शिरतं आणि काळ्यावर पांढरी रेघ उमटते.

पण पांढरं दिसेल ते सगळं दुखापतीचं नसतं. कंडरेचे तंतू चुंबकाच्या दिशेशी ५५ अंशांच्या आसपास कलले असतील, तर काही प्रकारच्या चित्रांत धडधाकट कंडराही उजळ दिसते. रेडिओलॉजिस्ट याला ‘मॅजिक अँगल’ म्हणतात. संदेश जरा उशिरा टिपला की ही जादू उतरते. गुडघ्यामागच्या धमनीचं तर आणखी नवल. ठोक्यागणिक तिच्यातलं रक्त उसळतं आणि तिच्या भुतासारख्या प्रतिमा चित्रात एका ओळीत उमटतात, कधी कधी थेट कूर्चेवर किंवा लिगामेंटवर. त्यावर टेक्निशियन मोजणीची एक दिशा बदलतो, पुढे-मागेऐवजी वर-खाली करतो. रक्त तेच, ठोके तेच, पण भुतांची ओळ आता सांध्यावरून न जाता धमनीच्याच रेषेत पडते!

म्हणून कमी वेळात चित्र काढणारी नवी पद्धत आली की ‘छान दिसतंय’ एवढ्यावर भागत नाही. दोन रेडिओलॉजिस्टना वेगवेगळं बसवतात, कोणतं चित्र कोणत्या पद्धतीचं हे लपवतात आणि शेरा द्यायला सांगतात. समजा, १०० पैकी ९० चित्रांवर दोघांचं जुळलं. उत्तम वाटतं ना? पण दोघांनीही नव्वद-नव्वद चित्रांना ‘चांगलं’ म्हटलं असेल, तर न बघता शेरे मारले असते तरी सरासरी ८२ ठिकाणी जुळलंच असतं. जेकब कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६० मध्ये योगायोगाचा हा वाटा वजा करणारं ‘कॅपा’ हे माप मांडलं. पूर्ण एकमत असेल तर कॅपा १ येतो. आपल्या उदाहरणात तो भरतो जेमतेम ०.४४.

आता बाहेर येऊ. सोरायसिस मोजायला १९७८ पासून ‘पासी’ हा गुणांक आहे. त्यात डोक्याला १०, हातांना २०, धडाला ३० आणि पायांना ४० टक्के वजन. प्रत्येक भागातली लाली, जाडी आणि खवले यांना ० ते ४ गुण, व्यापलेल्या जागेला ० ते ६. सगळा हिशेब ० ते ७२ मध्ये बसतो. जागा मोजायची पट्टीही रुग्णाजवळच असते: बोटांसकट त्याचा तळवा म्हणजे त्याच्या कातडीचा सुमारे एक टक्का.

यात एक मेख आहे. गोऱ्या कातडीवर लाली उठून दिसते. आपल्या गव्हाळ, सावळ्या कातडीवर तीच जांभळट किंवा तपकिरी भासते. गोऱ्या कातडीवर तयार झालेली नजर तिला सहज कमी गुण देऊन बसते. आपल्या रुग्णालयांत, आपल्या माणसांवर झालेले अभ्यास म्हणूनच मोलाचे आहेत.

शिवाय गुणांक कमी म्हणून त्रास कमी, असं थोडंच आहे? चट्टा तळहातावर असेल तर भाकरी थापणंही मुश्कील होतं. अँड्र्यू फिनले आणि गुल करीम खान या कार्डिफच्या संशोधकांनी १९९४ मध्ये त्वचारोग्यांसाठी दहा प्रश्न प्रसिद्ध केले. गेल्या आठवड्यात खाज किती आली? संकोच वाटला का? कपडे निवडताना अडचण झाली का? गुण ० ते ३०, आणि ते देणार रुग्ण स्वतः. डॉक्टरांच्या नजरेला जे दिसूच शकत नाही, ते इथे मोजलं जातं.

तेव्हा रुग्णालयात कुणी असा कागद पुढे केला, तर कटकट समजून घाईघाईत खुणा करू नका. सवडीनं, खरं खरं लिहा. तुमच्या उत्तरांवाचून त्या आजाराचं माप अर्धंच राहतं.