वाटी बदलतात म्हणजे काय करतात?

नागपुरात धंतोली-रामदासपेठेकडे पावलोपावली दवाखाने. तिथल्या बाकांवर गुडघ्यांचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते: ‘वाटी घासली म्हनते, बदलावी लागते.’

घोळ इथूनच सुरू होतो. वाटी म्हणजे गुडघ्यावरचे छोटे गोल हाड. झिजते ते प्रामुख्याने मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या टोकांवरचे कूर्चेचे अस्तर. शस्त्रक्रियेत ही टोके साधारण ८-१० मिलिमीटर तासून त्यांवर धातूचे भाग बसवतात आणि मध्ये पॉलिथिलीनची चकती ठेवतात. दाताला कॅप बसवतात, साधारण तसेच. ज्या वाटीच्या नावाने एवढा गवगवा, ती तर पुष्कळदा जागेवरच राहते!

‘एक्स-रे खराब आला, म्हणजे ऑपरेशन आलेच’ हा समज सर्वांत महागात पडतो. फोटो भयंकर आणि माणूस मजेत फुटाळा तलावावर फेऱ्या मारतोय, असे होतेच. याच्या उलटही होते. निर्णय वेदनेवर ठरतो: रात्रीची झोप मोडते का, जिना चढवतो का, औषध आणि व्यायाम करूनही भागत नाही का? डेन्मार्कमध्ये १०० रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. शस्त्रक्रिया झालेल्यांना आराम जास्त पडला, पण गंभीर गुंतागुंतही त्यांच्यातच जास्त झाली. केवळ व्यायाम, वजन घटवणे वगैरे उपचार घेतलेल्यांपैकी वर्षभरात साधारण चौथ्या हिश्शालाच शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. चालल्याने गुडघा आणखी झिजतो, हीही भीतीच. मांडीचे स्नायू बळकट असले की सांध्यावरचा भार हलका होतो.

आता उलट बाजूची भीती. ‘एकदा केले की माणूस अंथरुणाला खिळतो.’ तेव्हाचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांचा डावा गुडघा ऑक्टोबर २००० मध्ये आणि उजवा जून २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात बदलला. वय पंचाहत्तरीच्या पुढे. दुसऱ्या शस्त्रक्रियेनंतर महिना-सव्वा महिन्यात ते आग्र्याला पाकिस्तानचे अध्यक्ष मुशर्रफ यांच्याशी वाटाघाटी करत होते. हल्ली बहुतेकांना त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभे करतात. ‘दहा वर्षांत पुन्हा बदलावा लागतो’ हेही जुने झाले. २०१९ च्या ‘लॅन्सेट’मधल्या पाहणीनुसार पूर्ण बदललेले सुमारे ८२ टक्के गुडघे २५ वर्षे टिकतात.

खर्चाचे म्हणाल, तर ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राने किमतींवर मर्यादा घातली आणि सरासरी १,५८,३२४ रुपयांना पडणारा कोबाल्ट-क्रोमियमचा सांधा ५४,७२० रुपये अधिक जीएसटीवर आला. खोलीभाडे आणि सर्जनची फी मात्र त्यात धरलेली नव्हती, हे बिल हाती आल्यावरच अनेकांना कळले.

राहिला पंगतीचा प्रश्न. नवा गुडघा वाकतो, पण मांडी घालून किंवा उकिडवे बसायला डॉक्टर सहसा मनाई करतात. तेव्हा तारीख घेण्याआधी घरी कमोड बसवून घ्यावा.