फोटोतलं विमान नेमकं कुठलं? पस मॉथपासून शाहूवाडीच्या अल्बमपर्यंत

(या आठवड्याच्या एपिसोडचा हा लेखी अवतार. विमानाचा फोटो कानाने ऐकायचा म्हणजे जरा अवघडच, म्हणून इथे थोडं जास्त लिहिलंय.)

१५ ऑक्टोबर जवळ आला की एक फॉरवर्ड हमखास येतो. जेआरडी टाटा एका छोट्या विमानाजवळ उभे, आणि खाली मजकूर: '१९३२, टाटांची पहिली हवाई टपाल सेवा.' माहिती बरोबर आहे. त्या दिवशी जेआरडींनी कराचीहून टपाल घेऊन उड्डाण केलं, अहमदाबादला थांबून ते मुंबईच्या जुहूला उतरले. पुढे बल्लारीमार्गे मद्रासपर्यंत विमान नेलं नेव्हिल व्हिन्सेंट यांनी. पण गंमत अशी की फॉरवर्डमधला फोटो बऱ्याचदा त्या विमानाचा नसतोच.

१९३२ चं विमान होतं डी हॅविलंड कंपनीचं पस मॉथ. ५० वर्षांनी, १९८२ मध्ये, ७८ वर्षांच्या जेआरडींनी तोच कराची-मुंबई प्रवास पुन्हा केला, तो लेपर्ड मॉथमधून. दोन्ही एकाच कंपनीची. दोन्हींना छतावरून जाणारा एकच पंख, बंद केबिन आणि नाकात एक इंजिन. लांबून बघाल तर जुळे भाऊ वाटतील.

फरक बघायचा तर चाकांकडे बघा. पस मॉथमध्ये चाकापासून निघालेला जाड उभा दांडा केबिनच्या बाजूने थेट वर, पंखाच्या मुळापर्यंत जातो. लेपर्ड मॉथमध्ये तोच दांडा पुढे झुकून इंजिनाच्या मागच्या भिंतीशी, खालीच संपतो. त्यामुळे केबिनची खिडकी मोकळी दिसते. शिवाय पस मॉथचा पंख जवळपास सारख्या रुंदीचा, आणि लेपर्डचा टोकाकडे निमुळता. एवढं दिसलं की काम झालं. आणि काहीच दिसत नसेल तर तारीख आहेच: लेपर्ड मॉथचं पहिलं उड्डाण मे १९३३ मधलं. म्हणजे फोटोत लेपर्ड असेल तर तो १९३२ चा असूच शकत नाही, मग खाली कुणी काहीही लिहिलेलं असो.

या खेळात मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. विमान ओळखलं की फोटोला एक अलीकडची मर्यादा मिळते: याच्या आधीचा हा नाही.

आता पद्धत. आपण सगळे आधी पूर्ण आकार बघतो आणि 'ओळखीचं वाटतंय' म्हणून नाव ठोकून देतो. त्यापेक्षा तुकडे बघायचे. पंख एक की एकावर एक दोन? एकच असेल तर धडाच्या वर, मध्ये की खाली? इंजिन गोल तोंडाचं, की लांबट नाकाचं? लांबट असेल तर सिलिंडरची डोकी नाकाच्या वर डोकावतात का? जिप्सी मॉथमध्ये डोकावतात. पस मॉथमध्ये इंजिन उलटं बसवलंय, म्हणून नाक वरून साफ दिसतं. पायलट कुठे बसलाय? फॉक्स मॉथ नावाचं एक भन्नाट विमान होतं: प्रवासी पुढे बंद केबिनमध्ये, आणि बिचारा पायलट त्यांच्या मागे, उघड्यावर. फोटोत असं दिसलं तर फार शोधावं लागत नाही.

अक्षरं दिसली तर सोनंच. 'व्हीटी' म्हणजे भारतात नोंदलेलं विमान, ही खूण १९२९ पासूनची. पण अक्षरं उलटी दिसतात का तेही बघा. जुन्या निगेटिव्ह उलट्या बाजूने छापलेल्या असतात, आणि मग डावीकडचं दार उजवीकडे जातं.

रंगाबद्दल एक धोका. जुन्या फिल्मचा एक प्रकार लाल रंगाला जवळजवळ आंधळा होता. त्यावर लाल रंग काळा येतो, पिवळा गडद येतो आणि निळा फिकट. शिकाऊ पायलटांचं पिवळंधमक विमान अशा फोटोत काळपट दिसतं. त्यामुळे कृष्णधवल फोटोवरून रंग सांगणाऱ्यावर पटकन विश्वास ठेवू नका. अ‍ॅपवर रंगवलेल्या फोटोवर तर अजिबातच नाही.

हे सगळं कामाला आलं ते आपल्या शाहूवाडी तालुक्यातून आलेल्या एका फोटोवर. मलकापूरजवळच्या एका ताईंनी पाठवला. त्यांचे पणजोबा आणि दोन जवान विमानासमोर उभे आहेत. घरात सांगतात, की कोल्हापूरला विमानतळ झाला तेव्हाचा हा फोटो. उजळाईवाडीचा विमानतळ छत्रपती राजाराम महाराजांच्या काळातला, म्हणून गोष्ट पटण्यासारखी होती. पणजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते एवढं माहीत. कुठल्या बटालियनमध्ये, कुठे लढले, काही माहीत नाही. ताईंना बेळगावला रेकॉर्डसाठी अर्ज करायचा होता, आणि त्यात त्या १९३९ लिहिणार होत्या.

मी आधी त्यांना अल्बममधला पूर्ण फोटो मागितला, कडा न कापता. मग दिसलं ते असं: खाली बसलेली शेपूट, गोल तोंडाची दोन इंजिनं, आणि डाव्या बाजूला मागे भलंमोठं दुहेरी दार. ते दार मालवाहू डकोटाचं, ज्याला अमेरिकन सी-४७ म्हणतात. प्रवासी डीसी-३ ला इतकं रुंद दार नसतं. सी-४७ चं पहिलं उड्डाण डिसेंबर १९४१ च्या अखेरीस झालं. म्हणजे १९३९ बाद.

दुसरी गोष्ट, धडावरचं वर्तुळ. ब्रिटिश हवाई दलाच्या वर्तुळात मध्ये लाल ठिपका असायचा. पण भारत-बर्मा भागात तो लाल काढून टाकला, कारण जपानी विमानांवरच्या लाल गोळ्याशी गल्लत होऊन आपलीच माणसं आपल्याच विमानांवर गोळ्या झाडतील अशी भीती होती. त्याजागी आधी पांढरा आणि मग फिकट निळा रंग आला. या फोटोत वर्तुळाचा मधला भाग बाहेरच्या कड्यापेक्षा स्पष्ट फिकट आहे. लाल असता तर तो असा उजळ आला नसता.

याचा अर्थ मोठा आहे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या काही बटालियन इटलीत लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले ते तिथलेच. चौथी बटालियन मात्र १९४४ मध्ये मणिपूरच्या बाजूला, सांगशाकच्या लढाईत होती. ताईंचा फोटो इटलीतला नाही, भारत किंवा बर्मातला आहे. पण म्हणून पणजोबा सांगशाकला होते असं मी म्हणणार नाही. इटलीहून परतलेला जवानही भारतातल्या धावपट्टीवर असा फोटो काढून घेऊ शकतो. विमान स्वतःबद्दल सांगतं, समोर उभ्या माणसाबद्दल फार थोडं. अर्जात मात्र आता '१९४२ ते १९४७' असं जाईल, आणि बटालियनचा रकाना कोराच राहील.

'एवढं कशाला, एआयला विचार ना,' असं कमेंटमध्ये येणार हे मला माहितीये. विचारलं. तोच फोटो तीन वेळा दिला आणि तीन उत्तरं आली, त्यातलं एक जपानी बॉम्बर. यात नवल नाही. मॉडेलने ज्या विमानांचे लाखो फोटो पाहिलेत तिकडे ते ओढलं जातं, आणि ज्याचे मोजकेच फोटो उरलेत त्यालाही ते प्रसिद्ध विमानाचं नाव देतं. वर आत्मविश्वास दोन्हीकडे सारखाच! त्याला 'हे कुठलं विमान?' विचारण्यापेक्षा 'चाकाचा दांडा कुठे जोडलाय?' असं विचारा, आणि उत्तर स्वतः फोटोवर तपासा.

फोटो 'क्लिअर' करणारी अ‍ॅप्स त्याहून वाईट. पुसट अक्षरं ती साफ करत नाहीत, नवी बनवतात. मग तुम्ही त्या बनावट नोंदणीक्रमांकाचा शोध घेत बसता.

तर तुमच्या घरी असा फोटो असेल, तर दिवसाउजेडी, सावलीत, फ्लॅश बंद ठेवून मोबाइलवर काढा. चारही कडा येऊ द्या. मागची बाजूही काढा, शाई पुसट असली तरी. चिकटवलेला असेल तर ओढून काढू नका, पानासकट पाठवा. आणि घरातले जे सांगतात ते जसंच्या तसं लिहा, चुकीचं वाटलं तरी.

पुढच्या फोटोत फक्त शेपटीचा तुकडा आणि एक बैलगाडी आहे. शेपूट डी हॅविलंडची आहे एवढं नक्की. बाकीवर काम चालू आहे.