शेवटच्या झाडाचे पाणी

ठिबक सिंचन म्हटले की आपल्यापुढे पाण्याची बचत येते. ती खरीच आहे. पण ठिबकाचे दुसरे वचन आहे समान वाटपाचे. पाटाच्या पाण्यात वरचा वाफा तुडुंब आणि खालचा कोरडा, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहिले. नळी आली की प्रत्येक झाडाला सारखा वाटा मिळेल, असे आपण गृहीत धरले. हे वचन नळी पाळत नाही, तिच्यातला दाब पाळतो.

तळेगाव-चाकण पट्ट्यातले सुदुंबरे म्हणजे संत संताजी जगनाडे महाराजांच्या समाधीचे गाव. मावळात पावसाळ्यात पाणी आवरत नाही आणि चैत्रात तेच जपून वापरावे लागते. त्यामुळे ठिबकाचे महत्त्व इथे कुणाला पटवावे लागत नाही. या शिवारात एका वयस्क शेतकऱ्याला मी विचारले, ‘‘काका, मोटार किती वेळ चालवता?’’ ते म्हणाले, ‘‘शेवटच्या ओळीला पाणी पुरत नाही, म्हणून तासभर जास्तच चालवतो.’’ हे उत्तर मला मावळाबाहेरही अनेकदा ऐकायला मिळाले आहे. सारा प्रश्न त्यातच आहे.

ड्रीपरचे मुख्य काम दाब मोडण्याचे. इस्रायलचे सिम्खा ब्लास यांनी पाण्याला लांब, वेटोळ्या वाटेने नेऊन त्याचा जोर जिरवला. त्यांच्या कल्पनेवर १९६५ साली हत्झेरीम किबुत्झमध्ये नेटाफिम कंपनी उभी राहिली. ऐंशीच्या दशकात जळगावच्या भवरलाल जैन यांनी हे तंत्र महाराष्ट्राच्या शेतात रुजवले. साध्या ड्रीपरचे गणित असे, की दाब चौपट झाला तर पाणी दुप्पट मिळते. एक किलो दाबाला तासाला ४ लिटर देणारा ड्रीपर अर्ध्या किलोला सुमारे २.८ लिटर देतो आणि पाव किलोला केवळ २ लिटर. म्हणजे शेवटच्या झाडाचे ४ लिटर भरायला दोन तास लागतात आणि तोवर पहिल्या झाडाला ८ लिटर जातात. ठिबकातून सोडलेले खतही त्याच हिशेबाने वाटले जाते. पहिल्या झाडाचे जादा पाणी खताला घेऊन मुळांखाली उतरते. वीज, पाणी, खत असा तिन्हींचा खर्च वाढतो आणि शेवटची ओळ पिवळीच राहते.

दाब हरवतो कुठे? पहिले कारण नळीची लांबी. एकाच जाडीच्या नळीची लांबी आणि तिच्यावरचे ड्रीपर दुप्पट केले, तर घर्षणात जाणारा दाब सहा-सात पट होतो. दुसरे कारण जमिनीचा उतार. एक मीटर चढाला किलोचा दहावा भाग खर्ची पडतो, उताराला तेवढाच वाढतो. म्हणून मावळासारख्या चढउताराच्या रानात ड्रीपरच्या नळ्या समपातळीत टाकाव्यात आणि उतार सबमेनवर घ्यावा. प्रत्येक भागाला वेगळा व्हॉल्व्ह असावा. टाकीवर ठिबक चालवणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे, की तीन मीटर उंचीची टाकी जेमतेम ०.३ किलो दाब देते. तिसरे कारण तुंबलेला फिल्टर. त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दाबातला फरक वाढू लागला, की फिल्टर धुण्याची वेळ झाली.

दाब कमी-जास्त झाला तरी पाणी सारखे सोडणारे ड्रीपरही मिळतात. त्यांच्यातला रबरी पडदा दाब वाढला की वाट अरुंद करतो. उताराच्या रानाला ते उपयोगी आहेत. पण ते महाग असतात, आणि ठराविक किमान दाब मिळाला नाही तर तो पडदाही काही करू शकत नाही.

या साऱ्याची परीक्षा घरच्या मापाने घेता येते. सबमेनच्या सुरुवातीच्या, मधल्या दोन आणि शेवटच्या अशा चार नळ्या निवडाव्यात. प्रत्येकीवर चार ठिकाणी वाटी ठेवून तीन मिनिटे पाणी धरावे. ४ लिटरच्या ड्रीपरखाली २०० मिलिलिटर पाणी जमले पाहिजे. सोळा वाट्यांपैकी सर्वांत कमी भरलेल्या चारांची सरासरी काढून तिला सगळ्यांच्या सरासरीने भागावे आणि शंभराने गुणावे. उत्तर ९० च्या वर आले तर संच उत्तम. ७० च्या खाली आले तर मोटारीचा तास वाढवण्याआधी दोष शोधावा. प्रथम फिल्टर, मग नळ्यांची टोके उघडून साचलेला गाळ, मग नळीची लांबी, असा क्रम ठेवावा.

संच बसवताना आपण नळीचे मीटर मोजतो, ड्रीपरची संख्या मोजतो, अनुदानाची कागदपत्रे मोजतो. दाबमापक मात्र बिघडला तर वर्षानुवर्षे तसाच राहतो. शेतात शिरताना पहिली ओळ हिरवी दिसते आणि मन समाधान पावते. पाण्याचा खरा हिशेब बांधाच्या त्या टोकाला, शेवटच्या झाडाच्या बुडाशी लिहिलेला असतो. तिथवर चालत जाऊन तो वाचण्याची सवय आपण लावून घेतली पाहिजे.