थंडीत न पेटणारी शेगडी

नॉर्वेत किंवा आल्प्समध्ये ऐन हिवाळ्यात मोटरहोम नेणाऱ्यांची पहाटे कधीकधी पंचाईत होते. सिलिंडर हाताला जड लागतो, शेगडी मात्र पेटत नाही. दोष शेगडीचा नसतो, सिलिंडरमधल्या ब्युटेन वायूचा असतो.

ब्युटेन सुमारे उणे ०.५ अंश सेल्सिअसला उकळतो. त्याहून जास्त गारठ्यात तो द्रवरूपातच पडून राहतो, शेगडीपर्यंत वायू पोचत नाही. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश! म्हणून जाणते मालक थंडीत प्रोपेनच घेतात.

दोन्ही वायू हवेपेक्षा जड. गळती झालीच तर ते खाली साचतात, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक असते. गार वारा येतो म्हणून ते बुजवणे जिवावर बेतू शकते. ते उघडेच ठेवा. शिवाय, वायू नीट न जळल्याचा धोका ओळखण्यासाठी झोपायच्या जागेजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवा.