क्षुद्रसिद्धी आणि विहिरीची जागा

आकाशात उडावे, डोंगर उचलावा, अदृश्य व्हावे, अशा थोर शक्तींची हाव संसारी माणसास सहसा नसते. त्याच्या मागण्या पुष्कळच लहान असतात. कुर्ला स्टेशनावर सकाळी गाडीची वाट पाहणाऱ्या मंडळींत घटकाभर उभे राहिले असता याची खात्री पटते. एकास वाटते, कोणता उतारू पुढच्याच स्टेशनास उठणार हे डब्यात शिरताच आपणांस त्याच्या कपाळावर वाचता यावे. दुसऱ्यास, छत्री घरी ठेवावी की बरोबर घ्यावी एवढेच आदल्या रात्री कळले तरी पुरे. गृहिणीस दूध उतू जाण्याची सूचना पळभर आधी मिळाली म्हणजे ती संतुष्ट. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करीत होतो तेव्हा आमची इच्छा याहून मोठी नव्हती. साहेबांनी मागितलेला कागद दप्तरातील कोणत्या रुमालात आहे, हे गाठ न सोडता दिसावे, इतकेच.

अशा मागण्या आजच्या नव्हेत. भागवताच्या एकादश स्कंधाच्या पंधराव्या अध्यायात सिद्धींची मोजदाद केलेली आहे. अणिमा, महिमा इत्यादी आठ थोर सिद्धी, त्यांखालोखाल दहा, आणि शेवटी पाच अगदी किरकोळ, ज्यांस टीकाकार क्षुद्रसिद्धी म्हणतात. त्या अशा: भूत, भविष्य व वर्तमान जाणणे, थंडी-उन्हाची बाधा न होणे, दुसऱ्याच्या मनातले ओळखणे, अग्नी, सूर्य, पाणी व विष यांचा जोर थोपविणे, आणि कोणाकडून हार न खाणे. या स्कंधावर नाथांनी मराठीत जी विस्तृत टीका लिहिली ती काशीक्षेत्री १५७३ साली पुरी झाली. सिद्धी म्हणजे साधकाच्या वाटेतील विघ्ने होत, असे मूळ अध्यायातच स्पष्ट सांगितले आहे. आम्हांस नवल वाटते ते निराळेच. या सबंध यादीत भूमीखालचे पाणी दिसण्याची सिद्धी कोठेही नाही! यादी एखाद्या कुणब्याने केली असती तर तीच पहिली आली असती.

कुर्ल्यास चाकरीधंद्यासाठी येऊन राहिलेली आणि घाटावर चार-दोन एकर राखून असलेली कुटुंबे थोडीथोडकी नाहीत. मे महिन्यात त्यांच्या बोलण्यात दुसरा विषय नसतो. गावच्या विहिरीचा तळ लागला, नवी कोठे घ्यावी, आणि जागा कोणाकडून दाखवावी? शेवटच्या प्रश्नास बहुतेकांपाशी एकच उत्तर तयार असते: पाणाड्या बोलवा.

पाणाड्याची रीत वाचकांस नव्याने सांगावयास नको. कोणी सोललेला, शेंडीचा नारळ तळहातावर आडवा ठेवून शेतातून चालतो. पाणी आले की नारळ उभा राहतो, असे म्हणतात. कोणी उंबराची अगर जांभळीची बेचक्यासारखी फांदी दोन्ही हातांत धरतो. ती खाली झुकते. अलीकडे तांब्याच्या वाकविलेल्या तारा आल्या आहेत. पाणाड्या पायाळू असल्यास त्याचा भाव अधिक. पायांकडून जन्मलेल्या माणसाकडे आपल्या लोकांनी किती अधिकार सोपविले आहेत पाहा! त्याची लाथ पाठीस लागली की उसण जाते, त्यास गुप्तधन दिसते, पाणी दिसते. मात्र विजेचे भय त्यालाच अधिक, म्हणून पावसात त्याने घराबाहेर पडू नये. दिवस भरल्यावर होणाऱ्या दर शंभर बाळंतपणांत तीन-चार मुले आईच्या पोटात पायाळू स्थितीत असतात, असे वैद्यकशास्त्र सांगते. म्हणजे हजार वस्तीच्या गावात अशी तीस-चाळीस माणसे सापडावयास हरकत नाही, आणि तरीही गावची विहीर कोरडीच! आता तर यांतील बहुतेक मुले शस्त्रक्रियेने जन्मास येतात. त्यांस पायाळू म्हणावे की नाही, याचा निर्णय जाणत्यांनी अद्यापि दिलेला नाही.

उसण भरलेल्या पाठीस पायाळूची लाथ लागली तर कोणाचे फारसे बिघडत नाही. विहिरीची गोष्ट तशी नव्हे. आज विहीर घ्यावयाची म्हणजे लाखांनी रुपये लागतात. सोसायटीचे कर्ज होते, प्रसंगी दागिने गहाण पडतात. विहीर कोरडी गेली तरी हप्ता चुकत नाही. म्हणून हा विषय थट्टेवारी नेऊन चालणार नाही, असे आमचे मत आहे.

पाणाड्यास लबाड म्हणण्यास आम्ही तयार नाही. त्यांतील पुष्कळजण मनापासून विश्वास ठेवून काम करतात, आणि फांदी खरोखरच झुकते. पण तिला झुकविणारे बळ जमिनीतील नव्हे, हातातील असते. मनात एखादी अपेक्षा धरली असता हाताचे स्नायू धन्याच्या नकळत किंचित हलतात, हे कार्पेंटर नावाच्या इंग्रज वैद्याने १८५२ साली दाखविले. ताणून धरलेल्या बेचक्यास तेवढा धक्का पुरतो. आता ही अपेक्षा त्याच्या मनात येते कोठून? तर वीस-तीस वर्षे शेतेच पाहिलेल्या माणसास ओढ्याचा उतार, जमिनीचा रंग, उन्हाळ्यात कोठे हिरवे राहते, हे सर्व न सांगता दिसत असते. त्याची सिद्धी असलीच तर ती डोळ्यांत आहे; नारळ केवळ चोपदार.

मुंबई सरकारनेही एके काळी हा प्रयोग करून पाहिला होता, हे आता थोड्यांस ठाऊक असेल. १९२५ पासून १९३० पर्यंत मेजर पॉगसन या गृहस्थांस पाणी दाखविण्याच्या कामावर नेमले होते आणि ते इलाख्यात गावोगाव हिंडत असत. त्यांनी दाखविलेल्या जागी घेतलेल्या ४९ विंधांपैकी दोनच फसले, असे त्या काळी छापून आले. आकडा मोठा दिपविणारा आहे. परंतु आयुष्य तक्त्यांत गेलेल्या माणसाची नजर शेजारच्या रकान्याकडे जाते, आणि तो रकाना कोरा आहे. त्याच गावांतून, मेजरसाहेबांस न विचारता, नुसत्या सखल जागी आणखी ४९ विंध घेतले असते तर किती फसले असते? तितकेच, की वीस? हे कोणी करून पाहिले नाही, तोवर ४७ या आकड्यास वजन कसे द्यावे?

तो रकाना भरण्याचा यत्न पुढे जर्मनीत झाला. १९८७-८८ साली म्युनिकजवळ एका कोठाराच्या खालच्या मजल्यावर पाण्याचा नळ गाड्यावर ठेवून वाटेल तेथे सरकविला जाई, आणि वरच्या मजल्यावर दहा मीटर रेषेवर चालत पाणाड्याने त्याची जागा सांगावयाची असे. प्रथम सुमारे ५०० जणांची परीक्षा झाली, त्यांतून निवडक ४३ घेतले, आणि त्यांच्या ८४३ चाचण्या केल्या. प्रयोग करणारांस काही थोडक्यांत शक्ती असल्याचा भास झाला. पुढे १९९९ साली एनराइट या शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा मांडले तेव्हा दिसले की, सर्वांत चांगल्या गणलेल्या पाणाड्यांनीही रेषेच्या मधोमध डोळे मिटून बोट ठेवणाऱ्याहून विशेष काही साधले नव्हते.

आपल्याकडील जुने शास्त्र या बाबतीत पाणाड्याहून पुष्कळ पुढे होते. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत दकार्गल नावाचा अध्याय आहे. सहाव्या शतकातील हा ग्रंथ. माणसाच्या अंगात शिरा असतात तशा भूमीतही पाण्याच्या शिरा वर-खाली असतात, असे म्हणून तो झाडे, वारुळे, माती व दगड यांवरून पाणी कसे ओळखावे ते सांगतो. जांभळीच्या पूर्वेस जवळच वारूळ असेल तर दक्षिण बाजूस दोन पुरुषांवर गोडे पाणी, अशा थाटाची त्याची सूत्रे आहेत. पुरुष म्हणजे हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची. आपल्या विहीर खणणारांचा ‘परस’ तो हाच. ही मापे आपल्या कातळात जशीच्या तशी लागू पडतील असे आम्ही म्हणत नाही. पण या विद्येत जन्म पायांकडून झाला की डोक्याकडून, याची चौकशी नाही. जो पाहील व शिकेल त्यास ती येते. भर वैशाखात उंबर हिरवागार उभा असेल तर त्याची मुळे ओलाव्यास पोहोचली आहेत, हे समजावयास सिद्धी कशास हवी?

महाराष्ट्राचा शेकडा ऐंशीहून अधिक भाग काळ्या अग्निजन्य खडकाचा आहे. यात पाणी नदीसारखे वाहत नसते. ते मुरुमात, मांजऱ्या खडकाच्या पोकळ्यांत आणि काळ्या पाषाणाच्या भेगांत साठते. यामुळे ओढ्याकाठच्या मुरमाड पट्ट्यात पाणाड्याने कोठेही काठी रोवली तरी थोडेबहुत पाणी लागतेच, आणि त्याची कीर्ती वाढते. माळावरच्या अखंड पाषाणात विहीर फसली म्हणजे तो ‘आणखी दोन परस जा’ म्हणतो, आणि मालक कर्ज काढून जातो. खणण्यापूर्वी शेजारच्या चार विहिरींच्या बाजू उतरून पाहाव्यात. मुरूम किती परस, मांजऱ्या कोठे लागला, लाल गेरूचा पट्टा आहे काय, झरा कोणत्या थरातून फुटतो, हे त्या उघड्या पुस्तकासारखे सांगतात. राज्याच्या भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापना १९७२ सालची. निरीक्षण विहिरींची पातळी ती जानेवारी, मार्च, मे व ऑक्टोबर या महिन्यांत मोजीत आली आहे. आपल्या जवळच्या निरीक्षण विहिरीचे आकडे जिल्हा कार्यालयात जाऊन विचारणारा शेतकरी मात्र आमच्या पाहण्यात विरळाच.

पाणाड्यास बोलवावयाचेच असेल तर आमची एक सूचना आहे. त्याने दाखविलेल्या जागेवर खुंटी न रोवता ती गुपचूप टिपून ठेवावी. दुसऱ्या दिवशी डोळ्यांस फडके बांधून, दुसऱ्या बांधावरून त्यास पुन्हा त्याच शेतात फिरवावे. दोन्ही वेळा नारळ एकाच ठिकाणी उभा राहिला तर पुढचे बोलणे करावे. सच्चा माणूस यास नाही म्हणणार नाही. रागावला तर दक्षिणा वाचली.

मागे सांगितलेला कोरा रकाना आपल्या मंडळींनी भरून काढावा, अशी आमची विनंती आहे. ज्यांनी गेल्या दहा वर्षांत विहीर अगर विंधन विहीर घेतली असेल त्यांनी पुढील मजकूर मासिकाच्या पत्त्यावर लिहून पाठवावा: गाव, जागा पाणाड्याने, भूवैज्ञानिकाने की स्वतः ठरविली, खोली किती परस, कोणता खडक किती लागला, आणि मे महिन्यात पाणी किती तास पुरते. कोरड्या गेलेल्या विहिरींची माहिती अगत्याने पाठवावी, कारण तीच सहसा कोणी सांगत नाही. पाणाड्याचे नाव कळविण्याचे कारण नाही.