के-जेट्रॉनिक इंजिनातील मिसफायर

इंजिनाच्या एक वा अधिक सिलिंडरांमध्ये हवा व इंधनाच्या मिश्रणाचे ज्वलन न होणे किंवा अपुरे होणे, यास मिसफायर म्हणतात. गॅरेजच्या बोलीत यालाच ‘गाडी मिसिंग करते’ असे म्हटले जाते. के-जेट्रॉनिक ही जर्मनीतील बॉश कंपनीची यांत्रिक फ्युएल इंजेक्शन प्रणाली १९७३ मध्ये पोर्श ९११ टी या मोटारीत आली. पुढे फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय, व्होल्व्हो २४० इत्यादी मोटारींत ती वापरली गेली. तिच्या मूळ रचनेत इंधन नियंत्रित करणारा संगणक नसल्याने दोषाचा संकेतांक मिळत नाही. दोष क्रमाक्रमाने तपासूनच शोधावा लागतो.

कार्यपद्धती

‘के’ हे ‘सतत’ या अर्थाच्या जर्मन शब्दाचे आद्याक्षर आहे. इंजिन चालू असताना इंजेक्टर उघडझाप न करता अखंड फवारणी करतात. आत येणारी हवा एक तबकडी उचलते. तबकडीची तरफ इंधन वितरकातील दांडा वर सरकवते व त्या प्रमाणात सर्व सिलिंडरांना इंधन मिळते. दांड्यावर वरून पडणाऱ्या इंधनाच्या दाबास नियंत्रण दाब म्हणतात. इंजिन थंड असताना तो कमी असतो, त्यामुळे मिश्रणात इंधन अधिक येते. इंजिन तापल्यावर दाब वाढतो.

निदान

प्रथम ठिणगी तपासली जाते. झिजलेले प्लग, तडकलेली डिस्ट्रिब्युटर कॅप, खराब रोटर किंवा प्लगच्या वायरी ही मिसफायरची नेहमीची कारणे आहेत. एकच सिलिंडर कमकुवत असल्यास त्याचे कॉम्प्रेशनही मोजले जाते.

यानंतर हवेची गळती पाहिली जाते. तबकडीला वगळून आत शिरलेली हवा मोजली जात नाही व मिश्रण विरळ होते. रबरी नळ्यांच्या चिरा आणि इंजेक्टरची कडक झालेली रबरी सील ही गळतीची प्रमुख ठिकाणे होत. अशा अनेक इंजिनांत ऑइल भरण्याचे झाकण उघडताच चाल अडखळते. ती तशी न अडखळल्यास आधीपासून गळती असल्याचा संशय घेतला जातो.

पुढे दाबमापक लावून इंधनाचा मुख्य दाब व नियंत्रण दाब मोजतात. तापलेल्या इंजिनात नियंत्रण दाब प्रमाणापेक्षा जास्त असल्यास मिश्रण विरळ होते.

अखेरीस इंजेक्टर काढून प्रत्येकाचे इंधन स्वतंत्र मोजपात्रात घेतले जाते. एका पात्रात इंधन कमी आल्यास तो इंजेक्टर दुसऱ्या नळीवर लावतात. कमतरता इंजेक्टरसोबत सरकली, तर इंजेक्टर सदोष असतो. ती मूळ नळीवरच राहिली, तर दोष नळीत किंवा इंधन वितरकात असतो.

मिश्रणाचा स्क्रू

मिश्रण ठरवणारा स्क्रू सर्व सिलिंडरांवर एकाच वेळी परिणाम करतो. त्यामुळे एका सिलिंडरचा दोष त्याने दूर होत नाही. गळती असताना तो फिरवल्यास मूळ दोष झाकला जातो व गळती बुजवल्यावर मिश्रणात इंधन जास्त होते. म्हणून हे समायोजन सर्वांत शेवटी करतात.

सुरक्षितता

इंजिन बंद केल्यावरही नळ्यांमध्ये दाब टिकून राहतो. त्यामुळे जोड सैल करण्यापूर्वी इंजिन थंड होऊ देणे, दाब उतरवणे व अग्निशामक जवळ ठेवणे आवश्यक असते. मिसफायर होणारी मोटार तशीच चालवल्यास न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटते व तो अतितप्त होऊन निकामी होऊ शकतो.