बाग निफाडला, रिटर्न टॅम्पाला
पगार तिकडे, घर इकडे : लेखांक ६

मागच्या आठवड्यात आपण दिवसांची मोजणी पाहिली. चालू वर्षातले अमेरिकेत काढलेले सगळे दिवस, त्यात गेल्या वर्षीच्या दिवसांचा एक तृतीयांश आणि त्याच्या आधीच्या वर्षीचा एक षष्ठांश मिळवायचा. बेरीज १८३ किंवा जास्त आली आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस भरले, की एच-१बी व्हिसावरचा माणूस करापुरता अमेरिकेचा रहिवासी ठरतो. पण रहिवासी एकटाच झाला आणि जोडीदार भारतातच राहिला, तर दोघांचं रिटर्न एकत्र भरता येतं का? आजचा लेख याच प्रश्नावर आहे. उत्तर एका शब्दाचं असलं, तरी ते ज्या अटींवर मिळतं त्या नीट वाचायला हव्यात.

भारतात हा प्रश्न पडत नाही. इथे प्रत्येकाचा पॅन वेगळा, विवरणपत्र वेगळं. लग्नाने कर कमी होत नाही आणि वाढतही नाही. अमेरिकेत १९४८ पासून नवरा-बायकोचं उत्पन्न एकत्र करून दोघांना मोठे टप्पे देण्याची पद्धत आहे. जिथे एकाचा पगार मोठा आणि दुसऱ्याचं उत्पन्न थोडं किंवा शून्य, तिथे या पद्धतीचा फायदा सगळ्यांत जास्त होतो. भारतात जोडीदार ठेवून गेलेल्या बहुतेकांची हीच स्थिती असते.

आपण एक जोडपं कल्पनेत घेऊ. बायको फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात सॉफ्टवेअरची नोकरी करते, नवरा निफाडला द्राक्षबाग पाहतो. फ्लोरिडात राज्याचा प्राप्तिकर नाही, त्यामुळे फक्त केंद्राचा कर मोजला की हिशेब पुरा होतो.

काहीच केलं नाही, तर अमेरिकेचं करखातं, म्हणजे आयआरएस, नवऱ्याला अनिवासी परदेशी समजतं. जोडीदारांपैकी एक जण वर्षात केव्हाही अनिवासी असला, तर एकत्र रिटर्न भरता येत नाही, हा मूळ नियम. मग बायकोने ‘विवाहित, स्वतंत्र रिटर्न’ या वर्गात भरायचं आणि नवऱ्याला तिकडचा करदाता क्रमांक नसेल, तर त्या चौकटीत ‘एनआरए’ लिहायचं. इथे एक चूक फार होते. नवरा जवळ नाही म्हणून अनेक जणी, आणि बायको जवळ नाही म्हणून अनेक जण, ‘सिंगल’ वर खूण करून मोकळे होतात. ३१ डिसेंबरला लग्न झालेलं असेल, तर त्या वर्षापुरते तुम्ही विवाहित. जोडीदार कोणत्या देशात झोपतो याचा त्याच्याशी संबंध नाही. लग्न पुढे व्हिसाच्या कागदांत येणारच असतं. तिथे विवाहित आणि करात अविवाहित, ही विसंगती कुणी मुद्दाम ओढवून घेऊ नये.

आता आकडे. बायकोचा २०२५ चा पगार १,१०,००० डॉलर धरू. स्वतंत्र रिटर्नमध्ये स्टँडर्ड डिडक्शन १५,७५० डॉलर. उरलेल्या ९४,२५० डॉलरवर २२ टक्क्यांचा टप्पा लागतो आणि कर होतो १५,६४९ डॉलर. हेच रिटर्न एकत्र भरलं आणि नवऱ्याचं उत्पन्न शून्य असलं, तर डिडक्शन ३१,५०० होतं, उरलेले ७८,५०० डॉलर १२ टक्क्यांच्या टप्प्यातच संपतात आणि कर होतो ८,९४३. फरक ६,७०६ डॉलरचा. मित्रमंडळींच्या गप्पांत ऐकू येतो तो हाच फरक. ‘जॉइंट भर, रिफंड येईल’ हा सल्ला चुकीचा नाही, पण तो इथेच थांबतो आणि नवऱ्याची बाग त्यात नसते.

हा मार्ग अमेरिकी करकायद्याच्या कलम ६०१३ मधल्या ‘जी’ या पोटकलमाने दिला आहे. वर्षाच्या शेवटच्या दिवशी दोघांपैकी एक जण अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी हवा. पहिल्या वर्षी रिटर्न एकत्रच भरायचं आणि त्याला एक निवेदन जोडायचं: आम्हा दोघांनाही पूर्ण वर्षासाठी अमेरिकेचे रहिवासी समजावं. त्यात दोघांची नावं, पत्ते, क्रमांक आणि दोघांच्या सह्या. निवेदन एकदाच द्यायचं असतं, पुढच्या वर्षांना ते आपोआप लागू राहतं. एफ-१ व्हिसावरच्या विद्यार्थ्याला पहिली पाच कॅलेंडर वर्षं हा मार्ग सहसा बंदच असतो, कारण त्याचे दिवस मोजले जात नाहीत आणि तो स्वतःच रहिवासी ठरत नाही. जी व्यक्ती वर्षाच्या मध्यावर अमेरिकेत गेली, तिने ‘पूर्ण वर्षासाठी’ हे शब्द दोनदा वाचावेत. जुलैत टॅम्पाला पोचलेल्या बायकोचा जानेवारी ते जून हा पुण्यातला पगारही मग अमेरिकेच्या रिटर्नमध्ये येतो.

आणि नवऱ्याचं जगभरातलं उत्पन्नही येतं. त्यात बाग आली.

भारतात शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे. अमेरिकेत तशी सूट नाही. निफाडच्या द्राक्षांचा नफा टॅम्पाच्या रिटर्नमध्ये धंद्याच्या नफ्यासारखा मोजला जातो. परदेशात भरलेल्या कराची वजावट फॉर्म १११६ वर मिळते खरी, पण भारतात कर भरलाच नाही तर वजावट कशाची मिळणार? खर्च जाऊन नफा बारा लाख रुपये आणि हिशेबासाठी डॉलर ८५ रुपयांचा धरला, तर साधारण १४,००० डॉलर होतात. ते १२ टक्क्यांच्या टप्प्यात बसतात आणि १,६८० डॉलर कर वाढतो. एकूण कर १०,६२३. स्वतंत्र रिटर्नच्या तुलनेत अजून ५,०२६ डॉलर वाचतात, म्हणजे या जोडप्याचा फायदा कायम आहे. पण बागेचा नफा साठ लाख असता, तर उत्तर उलटं आलं असतं. म्हणून दुसऱ्याच्या घरचा आकडा आपल्या घरी लावू नये.

परदेशात कमावलेल्या उत्पन्नाला फॉर्म २५५५ वर वेगळी सूट आहे: सलग बारा महिन्यांत पूर्ण ३३० दिवस परदेशात काढणाऱ्याला २०२५ साठी १,३०,००० डॉलरपर्यंत. नाशिकच्या शाळेत पगारावर असलेल्या जोडीदाराला ती फार उपयोगी पडते. बागाईतदाराला तितकी नाही. ज्या धंद्यात श्रम आणि भांडवल दोन्हींचा मोठा वाटा असतो, तिथे नफ्याचा जास्तीत जास्त ३० टक्के भागच श्रमाची कमाई धरला जातो. दिलासा एवढाच, की अमेरिकेत स्वतःचा धंदा करणाऱ्यांना सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरसाठी जो १५.३ टक्के कर पडतो, तो या नवऱ्याला लागू होत नाही. कलम ६०१३ मधली निवड प्राप्तिकरापुरती आहे. त्या दुसऱ्या करासाठी तो अनिवासीच राहतो.

रक्कम सापडण्याआधी हिशेब सापडावा लागतो, आणि खरी दमछाक तिथेच होते. अमेरिकेचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. द्राक्षाचं वर्ष मात्र ऑक्टोबर छाटणीने सुरू होतं. औषधं, खतं, मजुरी यांचा मोठा खर्च डिसेंबरपर्यंत होऊन जातो आणि माल निघून पैसे हाती येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. रोखीच्या पद्धतीने हिशेब ठेवला, तर एकाच हंगामाचा खर्च एका करवर्षात आणि उत्पन्न दुसऱ्यात जातं. भारतातलं एप्रिल ते मार्चचं आर्थिक वर्ष हा हंगाम एकत्र धरतं, त्यामुळे इथल्या सीएने काढलेला आकडा तिथे जसाच्या तसा चालत नाही. शिवाय शेती करमुक्त म्हणून पावत्या जपण्याची सवय अनेक घरांत नसते. सातबाऱ्यावर वडील, दोन भाऊ आणि आई अशी नावं असली, तर नवऱ्याच्या वाट्याचा नफा नेमका किती, हे घरात बसून ठरवावं लागतं. जे ठरेल ते कागदावर हवं आणि ते खरं हवं.

बागेखेरीज बाकीच्या गोष्टीही येतात: मुदत ठेवींचं व्याज, घरभाडं, शेअर विकून झालेला नफा. पीपीएफचं व्याज भारतात करमुक्त असलं, तरी तिथे सहसा करपात्र धरलं जातं. भारतातले म्युच्युअल फंड अमेरिकी कायद्याने ‘निष्क्रिय परदेशी गुंतवणूक कंपनी’ ठरतात, त्यांचा फॉर्म वेगळा आणि कर कडक. नवऱ्याच्या नावावर अनेक फंडांत एसआयपी चालू असतील, तर फक्त तेवढ्या कारणासाठीही कधी कधी स्वतंत्र रिटर्न परवडतं.

खात्यांच्या माहितीचा नियम थोडा गुंतागुंतीचा आहे. परदेशी बँक खात्यांची एकूण शिल्लक वर्षात केव्हाही १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबीएआर भरावं लागतं, हे बहुतेकांना माहीत असतं. एकत्र रिटर्नची निवड केली म्हणून नवरा या नियमाखाली येत नाही. तिथे तो परकाच. बायकोचं नाव ज्या जोडखात्यावर आहे, ते मात्र तिच्या एफबीएआरमध्ये पूर्ण रकमेने दाखवावं लागतं. परदेशी आर्थिक मालमत्ता दाखवण्याच्या फॉर्म ८९३८ चं याच्या उलट. त्यात निवड केलेला नवराही मोजला जातो, आणि एकत्र रिटर्न भरून अमेरिकेत राहणाऱ्यांची मर्यादा वर्षअखेरीला १,००,००० किंवा वर्षात केव्हाही १,५०,००० डॉलर अशी आहे.

नवऱ्याला करदाता क्रमांक, म्हणजे आयटीआयएन, लागतो. नऊ आकडी, ९ ने सुरू होणारा. तो मिळाल्याने नोकरीचा किंवा राहण्याचा कोणताही हक्क मिळत नाही. फॉर्म डब्ल्यू-७ भरून रिटर्नसोबत कागदोपत्री टेक्सासमधल्या ऑस्टिनला पाठवायचा. ओळखीसाठी मूळ पासपोर्ट किंवा तो देणाऱ्या कार्यालयानेच साक्षांकित केलेली प्रत लागते. नोटरीचा शिक्का चालत नाही. दुसरा मार्ग म्हणजे आयआरएसने मान्यता दिलेला एजंट. तो पासपोर्ट पाहून तिथेच परत देतो. मी कुणालाही हाच मार्ग सांगेन. परदेशातून आलेल्या अर्जाला आणि हंगामाच्या गर्दीत ९ ते ११ आठवडे लागू शकतात, आणि त्याच काळात वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासात जोडीदारासाठीच्या एच-४ व्हिसाची मुलाखत लागली, तर पासपोर्ट ऑस्टिनला असून भागणार नाही.

आता सहीबद्दल, कारण मला सगळ्यांत जास्त काळजी तिची वाटते. एकत्र रिटर्नवर सही करणारा प्रत्येक जण पूर्ण कराला जबाबदार असतो, आपल्या वाट्यापुरता नाही. टॅम्पाच्या पगारात काही चुकलं, तर आयआरएस ती रक्कम निफाडच्या नवऱ्याकडेही मागू शकतं. बागेचा नफा दडवला, तर बायकोकडे. प्रत्यक्षात काय होतं? अमेरिकेतला जोडीदार पीडीएफ पाठवतो, ‘शेवटच्या पानावर सही करून स्कॅन पाठव’ म्हणतो आणि इकडचा जोडीदार न वाचता सही करतो. बहुतेक वेळा इकडची व्यक्ती बायको असते, तिचे स्वतःचे पैसे असतात, आणि तिला हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं. आपल्या मुदत ठेवी, माहेरून आलेल्या जमिनीचं उत्पन्न, स्वतःच्या शिकवण्यांची फी हे सगळं परक्या देशाच्या करखात्यापुढे मांडायचं की नाही, हा निर्णय तिचा आहे. तो तिने रिटर्न समोर ठेवून, प्रश्न विचारून घ्यावा. उत्तर मिळेपर्यंत सही थांबवण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

निवड पुढे मोडता येते, पण एकदाच. दोघांपैकी कुणीही ती मागे घेतली, तर त्या दोघांनाही पुढे कधीच ती करता येत नाही. घटस्फोटाने निवड संपली तरी तोच नियम, मग दुसरं लग्न झालं तरी.

एवढं वाचून कुणी घाबरू नये, कारण कायद्यात घाई न करण्याची सोय आहे आणि ती फारशी सांगितली जात नाही. एकत्र भरलेलं रिटर्न मुदत उलटल्यावर स्वतंत्र करता येत नाही. स्वतंत्र भरलेलं मात्र मूळ मुदतीपासून तीन वर्षांत एकत्र करता येतं. म्हणजे २०२५ चं रिटर्न बायकोने १५ एप्रिल २०२६ पर्यंत स्वतंत्र भरलं, तर १५ एप्रिल २०२९ पर्यंत फॉर्म १०४०-एक्स भरून, ते निवेदन जोडून आणि मधल्या वर्षांची रिटर्नंही दुरुस्त करून तिला जास्तीचा कर परत मागता येतो. बागेच्या पावत्या जमल्या नसतील, भावांचा वाटा ठरला नसेल, आयटीआयएन अडकला असेल, तर आधी स्वतंत्र भरा. ५,०२६ डॉलर तीन वर्षं आयआरएसकडे राहिले तरी बुडत नाहीत.

पुढच्या आठवड्यात म्युच्युअल फंड. ज्यांच्या किंवा ज्यांच्या जोडीदारांच्या नावावर भारतात एसआयपी चालू आहेत, त्यांनी प्रत्येक फंडाचं २०२५ चं जानेवारी ते डिसेंबरचं विवरण मागवून ठेवावं. मार्चअखेरचं विवरण त्या हिशेबाला पुरत नाही.